साठ अँपिअरचा फ्यूज

जळालेल्या गाडीतला साठ अँपिअरचा फ्यूज शाबूत होता.

अग्निशमन खात्याच्या अधिकाऱ्याने तो चिमट्यात धरून उन्हासमोर केला. काचेची नळी काजळली होती, एका टोकाशी वितळलेल्या प्लास्टिकचा थेंब गोठून बसला होता, पण आतली धातूची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग होती. अपघाती गाड्यांच्या त्या आवारात त्या वेळी तो अधिकारी आणि गाडीत साउंड सिस्टिम बसवणारा माणूस या दोघांखेरीज कोणी नव्हते. "बघा," अधिकारी म्हणाला, "वायरिंगची आग असती तर हा पहिला उडाला असता. तुमचंच काम ना हे?" तो म्हणाला, "हो." "चोख आहे. बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज, पत्र्यातून वायर नेली तिथे रबर. नाहीतर लोक काय वाट्टेल ते करतात. एका गाडीत मी फ्यूज सीटखाली पाहिलाय. वर सासूबाई बसायच्या. जावयाला म्हटलं, तुमचा हेतू तरी एकदा स्पष्ट करा." अधिकारी स्वतःच्या विनोदावर हसला आणि लगेच थांबला, समोर उभा असलेला माणूस मृताचा मेव्हणा आहे हे त्याला उशिरा आठवले असावे. मग त्याने खिशातून एक पारदर्शक पिशवी काढली. पिशवीत धातूचा चपटा लायटर होता, निळाकाळा पडलेला. "ड्रायव्हरच्या सीटखाली सापडला. ओढायचे का?" "सोडली होती. अकरा वर्षांपूर्वी." "सगळ्यांनीच सोडलेली असते, साहेब," अधिकारी म्हणाला, आणि त्याच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता, केवळ अनुभव होता. "काचा बंद, दारं आतून लॉक, दुपारची वेळ. डोळा लागला असेल. फोम आधी धुमसतो, मग पेटतो. झोपलेल्या माणसाला धूर कळत नाही, एवढंच त्यातल्या त्यात बरं. शुक्रवारी अहवाल पाठवतो मी. तांत्रिक काही लिहायचं असलं तर तुम्हीही द्या लिहून. तुम्ही शिकलेले आहात."

त्या क्षणी त्याला दुःख झाले नाही. हे त्याने स्वतःशी नीट नोंदवून ठेवले, कारण जे नोंदवले जात नाही ते पुढे सोयीने बदलते, असे तो बारा वर्षे विद्यार्थ्यांना सांगत आला होता. त्या क्षणी त्याला भूक लागली. अकरा दिवसांत पहिल्यांदा. शरीराचा हा प्रामाणिकपणा त्याला किळसवाणा वाटला. भावजी मेले होते. ज्या माणसाने त्याला बहिणीच्या लग्नात कडेवर घेऊन फिरवले होते, तो माणूस बंद काचांच्या आत गुदमरून मेला होता, आणि आपल्याला भूक लागली आहे, कारण काचेच्या एका नळीतली पट्टी तुटलेली नाही. आवाराबाहेरच्या टपरीवर त्याने पाव घेतला आणि उभ्या उभ्या खाल्ला. पाव चविष्ट होता. हेही त्याने नोंदवले.

ताईच्या घराच्या खिडकीतून खाली गाड्या लावायची जागा दिसत असे. आता पडदा ओढलेला होता आणि त्याला खाली चिमटे लावलेले होते, जणू वाऱ्याने चुकून काही दिसू नये. ती पलंगावर बसली होती आणि तिच्या भोवती भावजींचे शर्ट पसरले होते. घड्या मोडलेले, बाह्या उलट्या झालेले. "हुंगत होते," तिने आपणहून सांगितले. "वेडी झाली म्हणशील." "म्हणत नाही." "एकालाही वास येत नाही रे. साबणाचाच येतो. मग वाटतं, घरात वास नको म्हणूनच गाडीत जाऊन बसत असतील. गाणी कसली आणि काय कसलं. अकरा वर्षं हा माणूस मला सांगत होता, सोडली म्हणून, आणि मी गावभर मिरवत होते, आमच्याकडे एका दिवसात सोडली, इच्छाशक्ती लागते म्हणून." त्याच्या लक्षात आले की एकतीस वर्षांत तिने नवऱ्याला प्रथमच 'हा माणूस' म्हटले. तिच्या तोंडी कायम 'हे' असत. भांडतानासुद्धा 'ह्यांना अक्कल नाही' असे ती आदराने म्हणत असे. "मला रडू येत नाही," ती म्हणाली. "नुसता राग येतो. लोक येतात, हात धरतात, माझ्या डोळ्यांत बघतात आणि तिथे त्यांना काहीच सापडत नाही. मेलेल्या माणसावर किती दिवस राग धरायचा असतो?"

तिने एक शर्ट घडी करायला घेतला आणि अर्ध्यावर सोडला. "तू सांग मला. तो अधिकारी काय, त्याला संध्याकाळी घरी जायचंय. तू म्हणालास सिगरेट, तर सिगरेट. मग मी त्यांना मनातल्या मनात दोन शिव्या घालीन आणि सोडून देईन. पण तू म्हणायला पाहिजेस." तो म्हणाला, "फ्यूज शाबूत आहे." "म्हणजे?" "म्हणजे आग वायरिंगमधून लागली नाही, असं त्यांचं म्हणणं आहे." "त्यांचं. आणि तुझं?" त्याच्या तोंडात पावाची चव अजून होती. एक शब्द पुरे होता. तो शब्द खोटा आहे असेही कोणाला सिद्ध करता आले नसते. उपलब्ध पुरावा त्याच बाजूला झुकत होता. "मी अजून नीट पाहिलं नाही," तो म्हणाला. "मग पाहा की," ताई म्हणाली, "अकरा दिवस काय करत होतास?"

आई आजारी होती तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. रुग्णालयाच्या बोळात सगळे नातेवाईक ताईला सांगत होते की आता बरं दिसतंय, तोंडावर टवटवी आहे, डॉक्टरांचा हात चांगला आहे. ताईने त्याला जिन्यात गाठून विचारले होते आणि त्याने रक्ताच्या तपासण्यांचे आकडे एकाखाली एक सांगून म्हटले होते, "आठ दिवस. फार तर दहा." आई नवव्या दिवशी गेली. ते आठ दिवस ताई आईच्या उशाशी बसून राहिली आणि तिने जे बोलायचे ते बोलून घेतले. बाकीच्यांचे बोलणे राहून गेले. तेव्हापासून ती म्हणत असे, माझा भाऊ खोटं बोलत नाही, म्हणून तो फारसा कोणाला आवडत नाही. भावजी यावर डोळे मिचकावून म्हणत, "मला आवडतो. ह्याच्यासमोर आपल्याला खोटं बोलायला चेव येतो." तिचा तो विश्वास ही त्याच्याजवळची एकमेव अशी गोष्ट होती जी त्याने कमावली होती आणि जी झिजली नव्हती. बायको निघून गेली तेव्हाही ताई म्हणाली नव्हती की चूक कोणाची. तिने त्याला विचारले, त्याने सांगितले, 'माझी', आणि तिने ताट वाढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचे शटर अर्धे उघडून तो आत बसून राहिला. भिंतीवर फळ्यांना ठोकलेले सबवूफर, खर्जातल्या आवाजाचे स्पीकर, ओळीने होते, काळे, मोठ्या डोळ्यांचे. त्यांच्याकडे सतत पाहिले की तेच आपल्याकडे पाहतात असे ग्राहक म्हणत. तो म्हणत नसे. महाविद्यालयात पदार्थविज्ञानाला विद्यार्थी उरले नाहीत तेव्हा विभाग बंद झाला आणि त्याच्या हाती जे ज्ञान उरले त्यातले विकता येण्याजोगे एवढेच होते. मूळ स्टिरिओमधून बारीकसा सिग्नल काढायचा, तो तांब्याच्या जाळीने वेढलेल्या केबलमधून डिकीत न्यायचा, तिथे अँप्लिफायर बसवायचा, बॅटरीपासून थेट बोटाएवढी जाड वायर त्याला आणून द्यायची, आणि एवढा सगळा खटाटोप करून एका कागदी शंकूला पुढे-मागे ढकलायचे. लोक त्याला दणका म्हणत. येणारा प्रत्येक जण एकच सांगे: "काच हलली पाहिजे, सर." काच हलवण्याचे गणित सोपे होते. वाईट फक्त एवढेच वाटे की बारा वर्षे ज्यांना तो लहरींचे समीकरण शिकवत होता त्यांच्यापैकी कोणाला काच हललेली पाहायची नव्हती, आणि ज्यांना पाहायची होती त्यांना समीकरण नको होते.

भावजींना काच हलवायची नव्हती. ते तीस वर्षे छापखान्यात होते आणि तिथल्या यंत्रांनी त्यांचे कान वरून खाली असे हळूहळू खाल्ले होते. आधी पाखरांचे आवाज गेले, मग दाराची घंटा, मग बायकांचे बोलणे. "हा निसर्गाचा न्याय आहे," ते म्हणत, "तुझ्या ताईचं ऐकू येत नाही आणि माझं काही अडत नाही." पण गाण्यातलेही वरचे सगळे गेले होते, आणि तिथे त्यांचे अडत होते. एकदा त्याच्याच दुकानात, फळीवरच्या सबवूफरला पाठ टेकून ते गप्प उभे राहिले होते. नेहमी दोन वाक्यांत एक थट्टा करणारा माणूस पाच मिनिटे काही बोलला नाही. मग म्हणाले, "प्रोफेसर, हे मला येतंय. कानात नाही, पाठीत येतंय. आपल्या गाडीत बसेल का रे असलं काही?" त्याने त्यांना समजावून सांगितले की कमी कंपनांचे आवाज हाडांतून जातात, यात चमत्कार काही नाही. "चमत्कार कोण म्हणतंय," भावजी म्हणाले, "मी बसेल का म्हणून विचारतोय." नव्या गाडीत त्याने ते बसवले, सात महिन्यांपूर्वी, स्वतःच्या हाताने, दिवसभर खपून. त्यानंतर रोज दुपारी पाळी संपली की भावजी गाडी खाली लावत, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून काचा बंद करत, कोणी मध्येच येऊन बोलू नये म्हणून दारे लॉक करत, आणि अर्धा तास सीटला पाठ लावून बसत. वर खिडकीत ताई चहा झाकून ठेवी.

फ्यूज शाबूत होता. त्याने समोरच्या कागदावर हे वाक्य लिहिले आणि त्याखाली रेघ मारली. शाबूत फ्यूज काय सिद्ध करतो? एखादा विद्यार्थी म्हणाला असता: वायरिंग निर्दोष. त्याने त्या विद्यार्थ्याला उभे करून म्हटले असते: प्रश्न पुन्हा वाच. मीटर खोटे बोलत नाही, पण विचारले तेवढेच सांगते, फ्यूजचेही तसेच. शाबूत फ्यूज फक्त एवढेच सांगतो की त्याच्यातून साठ अँपिअरहून जास्त प्रवाह पुरेसा वेळ गेला नाही. आग लावायला साठ लागतात असे कोणी ठरवले? वीस अँपिअर बोटाएवढ्या वायरीतून गेले तर ती कोमटही होत नाही. तेच वीस दोऱ्याएवढ्या वायरीतून गेले तर ती लाल होते. आणि वीस अँपिअरला तो फ्यूज हरकत घेणार नाही. पण गाडीत दोऱ्याएवढ्या वायरीतून वीस अँपिअर जाण्याचे कारणच नव्हते. त्याने सगळीकडे जाड वायर घातली होती. अधिकाऱ्याने ती पाहिली होती, चोख म्हटले होते. तो उठला, शटर खाली ओढले आणि आवाराकडे निघाला. वाटेत तीनदा त्याला वाटले की परत फिरावे. तिन्ही वेळा कारण तेच होते आणि तिन्ही वेळा ते त्याला पटले. तरी पाय चालत राहिले. त्याला यात धैर्य दिसले नाही. सवय दिसली.

"परत आलात?" आवाराचा राखणदार म्हणाला. तो एका दारविरहित गाडीच्या सीटवर बसून कांदा कापत होता. "कालच साहेब म्हणाले ना, झालं म्हणून." "मला मागचा भाग पाहायचाय." "मागं जळलंच नाही काही. मागं काय बघणार? लोक जळलेलं बघायला येतात." "जे जळलं नाही तेच पाहायचंय." राखणदाराने सुरी थांबवून त्याच्याकडे पाहिले. "तुम्ही मास्तर होता काय हो?" "होतो." "तरीच," तो म्हणाला आणि कांद्याकडे वळला.

गाडीचा पुढचा भाग म्हणजे एक काळा पोकळ सांगाडा होता. डॅशबोर्ड वितळून खाली लोंबला होता आणि पुन्हा घट्ट झाला होता. ड्रायव्हरच्या सीटच्या स्प्रिंगांकडे तो पाहू शकला नाही. डोळे तिथे गेले की आपोआप पुढे सरकत. मागची सीट नुसती काजळली होती. डिकी जवळजवळ होती तशी होती, सबवूफरची पेटी, तिच्याशेजारी अँप्लिफायर, त्याने पट्ट्यांनी नीट बांधलेल्या वायरी. त्याने मागच्या दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी स्क्रूड्रायव्हरने उचकटली. ही जागा आगीपासून दूर होती. पट्टीखाली कार्पेटचा राखाडी रंग अजून ताजा होता. त्या कार्पेटवर, त्याने ठेवली होती तशी, सिग्नलची केबल होती. तिचे बाहेरचे रबर गुळगुळीत होते, काजळी नव्हती, पण ते सापाच्या कातेसारखे सैल झाले होते. त्याने ते ब्लेडने उभे चिरले. आतले सगळे कोळसा झाले होते. तांब्याची जाळी काळीजांभळी, बोट लावताच भुगा होणारी. आग बाहेरून आत गेलेली नव्हती. इथे आग आलीच नव्हती. ही केबल, जिच्यातून मुंगीच्या पावलाएवढा प्रवाह जायचा, ती आतून भाजली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि तिच्या पुढच्या टोकाला, स्टिरिओच्या पाठीमागे, दोऱ्याएवढी एक वायर होती.

तो त्या उंबऱ्यावर बसला. वीज जाते तेवढी परत येते. हे त्याने पहिल्या तासाला शिकवले होते, दर वर्षी, बारा वर्षे. फळ्यावर तो बॅटरी काढी आणि म्हणे, येण्याची वाट सगळे बघतात, परतीची कोणी बघत नाही. बॅटरीपासून अँप्लिफायरपर्यंतची वाट चोख होती, तिच्यावर फ्यूज होता. परतीची वाट म्हणजे अँप्लिफायरची अर्थची वायर. ती डिकीच्या पत्र्याला बोल्टने घट्ट बसवायची, पुढे गाडीचा पत्राच तिला बॅटरीकडे नेतो. ती वाट बंद झाली तर प्रवाह थांबून राहत नाही. तो जी सापडेल ती वाट धरतो. डिकीतून बाहेर पडायला त्याला दुसरी एकच वाट होती, सिग्नलच्या केबलची जाळी, आणि तिच्यातून स्टिरिओची ती बारीक वायर. त्याने डिकीतले कार्पेट बाजूला केले. बोल्ट जागेवर होता. पाना लावला तर तो जोर न लावता फिरला. आट्यांना तांबूस गंज होता. बोल्ट निघाला, त्याने लग, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची कडी, उचलली, आणि लगीच्या खाली पत्र्यावर निळा रंग होता. कारखान्यातून आला होता तसा, चकचकीत, अख्खा, त्यावर दातेरी वॉशरचे सहा बारीक टोचे. त्या सबंध गाडीवर काजळी न चढलेला निळा रंग असा एवढाच दिसत होता.

आणि मग ते सगळे आले, कोणी न बोलावता, त्या दिवसाच्या उजेडासकट. त्याच्या हातात पॉलिश पेपर होता आणि तो डिकीत वाकला होता. भावजी त्याच्या खांद्यावरून आत पाहत होते. "ए ए ए, प्रोफेसर, ते काय करतोस?" "रंग खरवडतोय. नाण्याएवढा. पत्रा उघडा व्हायला पाहिजे." "नव्या गाडीला घासणी? अरे, चार महिने थांबलोय मी या निळ्यासाठी. करड्या रंगाची लगेच देत होते. तुझी ताई म्हणाली घ्या करडी, मी म्हटलं आयुष्यभर काळी शाई बघितली, आता निळं." "कार्पेटखाली जाणार आहे, दिसणार नाही." "तुला दिसणार नाही, मला माहीत असणार ना. जमत असेल तर नको रे." ते हसत होते पण त्यांचा हात त्याच्या मनगटावर होता. जमत असेल तर. त्याने पॉलिश पेपर बाजूला ठेवला, दातेरी वॉशर लावला, बोल्ट आवळला आणि मीटर धरले. मीटरचा बझर वाजला. बझर वाजायला अँपिअरचा हजारावा भागही पुरतो; आट्यांमधून तेवढा जात होता. त्याला हे ठाऊक होते. ठाऊक असणे आणि त्या क्षणी ठाऊक असणे यांत फरक आहे, असे तो आता स्वतःला सांगू पाहत होता, आणि एखादा विद्यार्थी असे म्हणाला असता तर त्याने त्याला नापास केले असते. त्याने त्या दिवशी प्रेमापोटी तडजोड केली, असेही म्हणता आले असते. तसे नव्हते. त्याला दमायला झाले होते, कंबर दुखत होती, आणि भावजींचा हात मनगटावर आला तेव्हा त्याला आतून बरे वाटले होते.

याच्याही खाली आणखी एक थर होता आणि तो निघायला वेळ लागला नाही. तीन आठवड्यांपूर्वी भावजींचा फोन आला होता. "प्रोफेसर, आवाजात गुरगुर येते रे हल्ली. गाणं सुरू व्हायच्या आधीच पाठीत काहीतरी गुरगुरतं." परतीची वाट बिघडली की सबवूफर गुरगुरतो. दुकानात एखादा ग्राहक हे म्हणाला की तो पहिला हात अर्थच्या बोल्टला लावत असे. पण बोलणारे भावजी होते, ज्यांना दाराची घंटा ऐकू येत नव्हती. तो म्हणाला होता, "भावजी, गुरगुर गाडीत नाही, तुमच्या कानात आहे." पलीकडून ते मनापासून हसले होते. "असेल बाबा. कानात काहीतरी येतंय हेही थोडं नाही." मग त्यांनी ताईला हाक मारून तो विनोद सांगितला होता, आणि त्याला फोनमधून ताईचेही हसू ऐकू आले होते. निरीक्षण अचूक होते. त्याने निरीक्षकाला बाद केले. बहिऱ्या माणसाने पाठीने नेमके ऐकले होते.

ताईने दार उघडले तेव्हा तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता आणि त्याचे सांगणे संपेपर्यंत तांब्या तिच्या हातातच राहिला. त्याने सगळे क्रमाने सांगितले, जसे रक्ताच्या तपासण्यांचे आकडे सांगितले होते. बोल्ट, रंग, केबल, फोन. तिने मध्ये दोनच प्रश्न विचारले. "किती खरवडायला लागलं असतं?" "नाण्याएवढं." "वेळ?" "दोन मिनिटं." "ते नको म्हणाले ना पण. त्यांनीच हात धरला ना तुझा." "त्यांना माहीत नव्हतं, ताई. मला माहीत होतं." मग तिचा चेहरा बदलू लागला, आणि त्याला दिसले की ती त्याच्याबद्दल विचारच करत नव्हती. ती अकरा दिवस जिथे अडकली होती तिथून बाहेर पडायची वाट तिला दिसली होती. "म्हणजे त्यांनी ओढली नव्हती," ती म्हणाली. "ते खरंच नुसते गाणं ऐकत होते."

"आग सिगरेटने लागली नाही," तो म्हणाला.

"ते नाही विचारलं मी."

"ते मला माहीत नाही, ताई. लायटर होता. का होता, ते गाडीवरून कळत नाही."

तिच्या डोळ्यांत आता काहीतरी होते, पण ते रडणे नव्हते. "एवढं एक खोटं," ती हळू आवाजात म्हणाली, "एवढं एक तरी बोलायचं होतंस मेल्या. तुझं काय गेलं असतं?" तिचा विश्वास गेला असता, हे उत्तर त्याच्याजवळ होते आणि ते त्याला स्वतःलाच नको होते. तिने तांब्या खाली ठेवला. "जा तू आता. आणि बोलावल्याशिवाय येऊ नकोस." तिने बोलावले नाही तर, हे वाक्य त्याच्या मनात सुरू झाले आणि त्याने ते पुरे होऊ दिले. तो जिना उतरला. खाली गाड्यांच्या रांगेत एक जागा रिकामी होती, आणि तिथल्या फरशीवरचा काळा डाग चुकवून लोक चालत होते.

शुक्रवार उद्या होता. दुकानात येऊन त्याने कोरा कागद घेतला, वर अग्निशमन अधिकाऱ्याचा पत्ता लिहिला, आणि खाली लिहिले:

"आगीचे कारण. अँप्लिफायरची अर्थची लग डिकीतल्या बोल्टखाली रंग न खरवडता बसवण्यात आली होती. संपर्क केवळ बोल्टच्या आट्यांमधून होता. आटे गंजल्यावर तोही तुटला. परतीचा प्रवाह सिग्नलच्या केबलच्या जाळीतून स्टिरिओच्या मागच्या बारीक वायरीत गेला. ती वायर तापून डॅशबोर्डच्या आत पेटली. प्रवाह साठ अँपिअरहून कमी असल्यामुळे फ्यूज उडाला नाही. जाळीचे तुकडे आणि बोल्ट सोबत जोडले आहेत. बिघाडाची सूचना गाडीच्या मालकाने तीन आठवडे आधी दिली होती. ती मी दुर्लक्षित केली. जोडणी मी केली होती."